चौथ्या मजल्यावरचा बॉस

नवा बॉस, जुनी खोडं, कॅन्टीनमधली कुजबुज आणि ‘चेंज’! हे सगळं फक्त आपल्याच ऑफिसात होतं असं वाटतंय? मग जरा रोमला चला...

ऑफिसमध्ये नवा बॉस येतो. पहिल्याच सोमवारी सगळ्यांना मेल येतो. त्यात ‘चेंज’ हा शब्द निदान पाच वेळा असतो. त्या दुपारी कॅन्टीनमध्ये काय चालतं ते तुम्हाला सांगायला नको. एक जण म्हणतो, ‘आता आपलं काही खरं नाही.’ दुसरी गुपचूप सीव्ही अपडेट करायला घेते. आणि कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेले, अठरा वर्षं एकाच खुर्चीत काढलेले एक काका चहात बिस्किट बुडवत शांतपणे म्हणतात, ‘असे पाच पाहिलेत. थांबा थोडे दिवस, हाही बसेल खाली.’

बहुतेक वेळा काकाच बरोबर ठरतात.

ही गोष्ट आहे अशा काकांना खोटं पाडणाऱ्या एका बॉसची. जॉइन झाला तेव्हा त्याचं वय होतं ७६. आणि ऑफिस होतं व्हॅटिकन.

मी काही कॅथलिक नाही. मासकॉमच्या दुसऱ्या वर्षी एका असाइनमेंटसाठी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेबद्दल वाचायला घेतलं आणि अडकलेच. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. पण कमिट्या कशा बनतात, अजेंडा कोण ठरवतं, माइक कोणाच्या हातात असतो, रुसून कोण बसतं... अहो, हे सगळं रोजचं आहे! फरक एवढाच की इथे मीटिंगला अडीच हजार माणसं होती आणि भाषा लॅटिन होती.

‘तात्पुरती सोय आहे हो!’

ऑक्टोबर १९५८ मध्ये पोप बारावे पायस गेले. एकोणीस वर्षं त्यांनी कारभार हाकला, शेवटी शेवटी तर अगदी एकहाती. त्यांचे सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे आपल्या हिशोबाने नंबर दोनचा माणूस, १९४४ मध्ये वारले. ती खुर्ची पायसनी भरलीच नाही. चौदा वर्षं!

त्यांच्यानंतर २८ ऑक्टोबरला, मतदानाच्या अकराव्या फेरीत निवडून आले अँजेलो रोंकाल्ली. उत्तर इटलीतल्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचे चिरंजीव. बल्गेरिया, तुर्कस्तान, ग्रीस, फ्रान्स अशी पोस्टिंग्ज करत व्हेनिसला पोचलेले. अंगाने स्थूल, चेहऱ्याने हसरे. त्यांनी नाव घेतलं जॉन तेविसावे. त्यांना निवडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा हिशोब सरळ होता. वय झालंय, चार-पाच वर्षं शांतपणे काढतील, तोवर पुढचं बघू. स्टॉप-गॅप अरेंजमेंट!

आता या नव्या बॉसने पहिलं काय केलं? नंबर दोनची रिकामी खुर्ची भरली. आणि बसवलं कोणाला, तर दोमेनिको तार्दिनींना. तार्दिनी म्हणजे क्युरियातलं मुरलेलं प्रस्थ. क्युरिया म्हणजे व्हॅटिकनचं हेडऑफिस, पोपच्या हाताखालची सगळी खाती. रोंकाल्ली परदेशात पोस्टिंगवर होते तेव्हा तार्दिनी हेडऑफिसात होते. आणि हेडऑफिसवाले ब्रँचच्या माणसाकडे कसं बघतात, हे ज्यांनी ब्रँचमध्ये काम केलंय त्यांना विचारा. तार्दिनींचंही रोंकाल्लींबद्दल फारसं बरं मत नव्हतं.

एक किस्सा सांगतात. तार्दिनी पोपचा उल्लेख ‘ते वरचे’ असा करायचे. कानावर आल्यावर जॉन म्हणाले म्हणे, की वरचा तो देव, आपण फक्त चौथ्या मजल्यावरचे!

विनोद सोडा, पण त्यामागची चाल बघा. आपल्याबद्दल पाठीमागे बोलणारा माणूस त्यांनी हाकलला नाही, त्याला थेट शेजारच्या केबिनमध्ये आणून बसवलं.

मीटिंगमधली शांतता

निवड होऊन तीन महिनेही झाले नव्हते. २५ जानेवारी १९५९ ला रोममधल्या सेंट पॉल चर्चमध्ये प्रार्थना झाल्यावर जॉननी तिथल्या सतरा कार्डिनलना सांगितलं, की मी जगभरच्या बिशपांची सर्वसाधारण परिषद बोलावणार आहे. आधीची परिषद १८६९-७० मध्ये झाली होती. म्हणजे जवळपास नव्वद वर्षांनी!

सतराच्या सतरा जण गप्प. टाळी नाही, प्रश्न नाही, ‘व्वा सर’ सुद्धा नाही. ही मंडळी भोवती गोळा होऊन आनंद व्यक्त करतील अशी आपली अपेक्षा होती, असं जॉननी नंतर नमूद करून ठेवलंय. पॉवरपॉइंटची शेवटची स्लाइड संपली आहे, दिवे लागलेत आणि कोणीच काही बोलत नाही, तो क्षण ज्यांनी अनुभवलाय त्यांना हे कळेल.

आता साधारण बॉस काय करतो? एक तर चिडतो, नाही तर आपल्या मर्जीतल्या चार जणांची टीम करून बाकीच्यांना बाजूला सारतो. जॉननी दोन्ही केलं नाही. परिषदेच्या पूर्वतयारीचं कामच त्यांनी तार्दिनींकडे सोपवलं. जगभरच्या बिशपांना प्रश्नावली पाठवावी असा आधी बेत होता. प्रश्नावली म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. एचआरचा एम्प्लॉयी सर्व्हे! प्रश्न त्यांचे, पर्यायही त्यांचेच. तो बेत रद्द झाला आणि जून १९५९ मध्ये साधं खुलं पत्र गेलं, की काय बोलायला हवं ते तुम्हीच कळवा. दोन हजारांच्या आसपास उत्तरं आली.

जुन्या खात्याशेजारी नवं टेबल

१९६० मध्ये मसुदे तयार करायला दहा समित्या नेमल्या गेल्या. बहुतेक समित्यांचे अध्यक्ष कोण? क्युरियातल्या त्या त्या खात्याचे प्रमुखच. म्हणजे ज्यांना बदल नको होता, त्यांच्याच हातात बदलाचा कच्चा मसुदा! तेव्हा अनेकांना वाटलं, संपलं. म्हातारा हेडऑफिसच्या खिशात गेला.

सगळ्यात वजनदार समिती होती धर्मतत्त्वांची. तिचे अध्यक्ष कार्डिनल आल्फ्रेदो ओत्ताविआनी. श्रद्धेच्या बाबतीत काय बरोबर, काय चूक हे ठरवणाऱ्या ‘होली ऑफिस’चे प्रमुख. त्यांचं लॅटिन ब्रीदवाक्य होतं ‘सेंपर इदेम’, म्हणजे ‘सदैव तेच’. कॅन्टीनमधल्या काकांनी हे डेस्कवर चिकटवायला हरकत नाही.

पण त्याच दिवसांत जॉननी आणखी एक छोटंसं काम केलं. ख्रिस्ती पंथांच्या ऐक्यासाठी एक नवं सचिवालय काढलं आणि तिथे बसवलं ऑगस्टिन बेआ या जर्मन जेझुइट कार्डिनलना. वय ७९. कोणाचं खातं मोडलं नाही, कोणाची केबिन काढून घेतली नाही. जुन्या खात्याशेजारी एक नवं टेबल टाकलं, बस्स. परिषद सुरू झाल्यावर मात्र लगेचच या सचिवालयाला बाकीच्या समित्यांच्या बरोबरीचा दर्जा मिळाला.

जुन्या मंडळींचे हट्टही जॉन पुरवत होते. फेब्रुवारी १९६२ मध्ये त्यांनी लॅटिनचं महत्त्व ठासून सांगणाऱ्या एका दस्तऐवजावर सही केली. नंतर त्यांच्याच परिषदेने लॅटिनची सद्दी संपवली, ही गंमत वेगळीच.

ती काही मिनिटं

११ ऑक्टोबर १९६२ ला परिषद सुरू झाली. उद्घाटनाच्या भाषणातच जॉननी सांगून टाकलं, की ज्यांना सगळीकडे सर्वनाशच दिसतो, त्यांच्याशी आपण सहमत नाही.

खरा सामना दोन दिवसांनी होता. १३ तारखेला दहा समित्यांसाठी प्रत्येकी सोळा, म्हणजे १६० जण निवडायचे होते. बिशपांच्या हातात कोऱ्या मतपत्रिका आल्या आणि सोबत, फक्त सोयीसाठी हं, जुन्या तयारी समित्यांच्या सदस्यांची यादी! जगभरातून आलेल्या, एकमेकांची नावंही माहीत नसलेल्या माणसांनी काय केलं असतं? यादीतली नावं उतरवून काढली असती. विषय संपला असता.

तेवढ्यात फ्रान्सच्या लिल शहराचे कार्डिनल लिएनार उठले. बोलायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही, तरी ते बोललेच. आम्ही एकमेकांना ओळखत नाही, निवडायचं कसं? थोडे दिवस द्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. कोलोनच्या कार्डिनल फ्रिंग्जनी लगेच अनुमोदन दिलं. काही मिनिटांत सभा तहकूब.

बघा, कोणी कोणावर आरोप केला नाही. ‘क्युरिया चोर है’ वगैरे घोषणा नाहीत. मागणी होती फक्त वेळेची आणि ओळखीची. पुढच्या दोन-तीन दिवसांत देशोदेशीच्या बिशपांनी आपापल्या याद्या केल्या आणि समित्यांचा चेहराच बदलला.

या ओळखी पुढे वाढल्या कुठे म्हणाल, तर कॉफीच्या टेबलावर! सेंट पीटर्समध्ये खास परिषदेसाठी कॉफी बार उघडला होता. बायबलमध्ये पीटरला ‘बार-योना’ म्हणजे योनाचा मुलगा म्हटलंय, त्यावरून बिशप मंडळींनी या बारचं नावच ‘बार जोना’ पाडलं. आत लॅटिनमध्ये भाषणं, बाहेर कॉफी आणि खऱ्या गप्पा. कॅन्टीनची ताकद आपण उगाच कमी लेखतो.

या सगळ्यात बॉस कुठे होता? वर, आपल्या खोलीत. जॉन नेहमीच्या सभांना बसायचेच नाहीत. क्लोज्ड सर्किट टीव्हीवर बघायचे. बॉस खोलीत असला की लोक त्याच्याकडे बघून बोलतात. तो नसला की एकमेकांकडे बघून.

माइक बंद!

३० ऑक्टोबरला उपासनेतल्या बदलांवर चर्चा होती. ओत्ताविआनी विरोधात बोलायला उभे राहिले. प्रत्येकाला दहा मिनिटं. त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली, ते पाठ असलेलं बोलत होते, वेळ उलटून गेली तरी थांबेनात. अध्यक्षस्थानी असलेल्या हॉलंडच्या कार्डिनल आल्फ्रिंकनी बजावलं. तरी चालूच. मग माइक बंद केला गेला. आणि सभागृहात टाळ्या पडल्या.

ओत्ताविआनी त्यानंतर जवळपास दोन आठवडे सभेला फिरकले नाहीत.

हे वाचताना आधी मलाही टाळी वाजवावीशी वाटली. नंतर त्यांच्याबद्दल आणखी वाचलं. रोमच्या त्रास्तेव्हेरे या गरीब वस्तीतल्या बेकरीवाल्याचा हा मुलगा. घरात बारा भावंडं. मोठ्या पदावर गेल्यावरही गरीब मुलांसाठी राबणारा. या माणसाला खुर्चीचा मोह होता म्हणून तो अडून बसला, असं म्हणणं फार सोपं आहे. आयुष्यभर ज्या गोष्टी अढळ म्हणून जपल्या, त्या एका मतदानात वाहून जातील अशी त्याची खरीखुरी भीती होती. तुमच्या ऑफिसमधल्या काकांचंही कदाचित तेच असेल. ज्या सिस्टिमला तुम्ही ‘आउटडेटेड’ म्हणता, ती त्यांनी हाताने उभी केलेली असते.

माझ्या पहिल्या नोकरीत मी याची दुसरी बाजू पाहिलीय. तिथे नवे बॉस आले, त्यांनी कामाची पद्धत एका आठवड्यात बदलली. नवी पद्धत चांगली होती, खोटं कशाला बोलू? पण सगळ्यात जुन्या सहकाऱ्याला त्यांनी भर मीटिंगमध्ये गप्प केलं आणि आम्ही तरुण मंडळी हसलो. त्या गृहस्थांनी नंतर विरोध केला नाही, भांडण केलं नाही. फक्त सांगायचं थांबवलं. कोणत्या क्लायंटला काय चालत नाही, कोणती फाइल कुठे अडते, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं, ते डोक्यातच राहिलं. वर्षभराने बॉस दुसरीकडे गेले. पंधरा दिवसांत जुनी पद्धत परत आली. बोर्डावरची नावाची पाटी निघाली आणि तिच्याबरोबर ‘चेंज’ही निघून गेला.

१०५ मतं

आता या सगळ्या गोष्टीचा कळीचा दिवस. नोव्हेंबरमध्ये ओत्ताविआनी परतले, ते आपल्या समितीचा मसुदा घेऊन. विषय होता, देवाचा शब्द माणसापर्यंत पोचतो कसा? बायबल काय, परंपरा काय आणि दोन्हींचं नातं काय? बऱ्याच बिशपांना हा मसुदा फार बंदिस्त वाटला. अभ्यासकांवर आणि प्रोटेस्टंटांशी होणाऱ्या संवादावर दार लावून घेणारा.

२० नोव्हेंबरला मतदान झालं. चर्चा थांबवा म्हणणारे १,३६८. चालू ठेवा म्हणणारे ८२२. बहुमत स्पष्ट होतं, पण नियमाप्रमाणे लागत होते दोन तृतीयांश. १०५ मतं कमी पडली. म्हणजे बहुसंख्यांना नको असलेल्या मसुद्यावरच चर्चा पुढे चालणार!

आता मात्र बॉसने हात घातला. दुसऱ्याच दिवशी जॉनचा निर्णय जाहीर झाला. हा मसुदा मागे घ्या, नवा लिहायला संयुक्त समिती नेमा. तिचे अध्यक्ष दोन. एक बेआ. दुसरे, हो, तेच. ओत्ताविआनी.

जरा विचार करा. १,३६८ माणसं ज्यांच्या मसुद्याच्या विरोधात होती, त्यांना बाहेर काढायला याहून सोपी संधी नव्हती. लोकांनी खांद्यावर घेतलं असतं. जॉननी त्यांना विरोधकाच्या शेजारी खुर्ची दिली आणि म्हटलं, आता दोघं मिळून लिहा.

काम सोपं झालं नाही. तीन वर्षं खेचाखेची चालली, मसुद्यावर मसुदे झाले. जॉन ते बघायला नव्हते. परिषद सुरू व्हायच्या आधीच त्यांना पोटाच्या कॅन्सरचं निदान झालं होतं. ३ जून १९६३ ला ते गेले. पोप गेला की परिषद थांबते, पुढच्याने वाटलं तर चालू ठेवायची. कॅन्टीनमधल्या काकांसाठी केवढी मोठी संधी! पण पुढचे पोप सहावे पॉल यांनी ती चालू ठेवली आणि ८ डिसेंबर १९६५ ला पूर्ण केली. एकूण सोळा दस्तऐवज निघाले.

आणि तो वादग्रस्त मसुदा? १८ नोव्हेंबर १९६५ ला त्यावर अखेरचं मतदान झालं. बाजूने २,३४४. विरोधात सहा.

१,३६८ विरुद्ध ८२२ पासून २,३४४ विरुद्ध सहापर्यंत! हे अंतर कापायला तीन वर्षं लागली. जॉननी १९६२ मध्येच घाई करून विरोधकांना हरवलं असतं, तर ते ८२२ जण कुठेही गेले नसते. तिथेच बसून राहिले असते, पोपच्या जाण्याची वाट बघत.

कमिटीचा रिपोर्ट ड्रॉवरमध्ये

सगळंच गोड झालं असं सांगितलं तर ती फसवणूक होईल. काही बिशप आणि त्यांचे अनुयायी या बदलांवर इतके नाराज झाले, की पुढे १९८८ मध्ये उघड फूट पडली.

आणि जिथे ही पद्धत सोडली, तिथे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. मार्च १९६३ मध्ये जॉननी संततिनियमनावर एक छोटी समिती नेमली होती. पॉलनी ती वाढवत नेली. डॉक्टर आले, अभ्यासक आले, तीन विवाहित जोडपीही आली. १९६६ मध्ये समितीतल्या बहुसंख्यांनी शिकवण बदलावी असं मत दिलं. दोन वर्षं विचार करून जुलै १९६८ मध्ये पॉलनी नेमका उलटा निर्णय जाहीर केला. शिकवण बदलणार नाही.

तो अधिकार त्यांचा होता, त्यांची कारणंही होती. पण मत मागून घ्यायचं आणि मग ते बाजूला ठेवायचं, याचा परिणाम कोणत्याही ऑफिसात एकच होतो. जगभर गदारोळ झाला. पॉल त्यानंतर दहा वर्षं पोप होते, पण तशा स्वरूपाचं एकही मोठं परिपत्रक त्यांनी पुन्हा काढलं नाही.

रोम ते वसई, व्हाया ओव्हल मैदान

‘हे सगळं तिकडचं झालं, आमचं काय?’ असं विचाराल तर थेट आपल्या वसईला यावं लागेल. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापलं, तेही मराठी ओवीत. मराठीला ख्रिस्ताची ओळख होऊन साडेतीनशे वर्षं होत आली होती. पण वेदीवरची भाषा लॅटिनच! परिषदेने ४ डिसेंबर १९६३ ला २,१४७ विरुद्ध चार मतांनी उपासनेचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकांच्या भाषेला दार उघडलं. वर्षभराने, डिसेंबर १९६४ मध्ये, सहावे पॉल मुंबईला आले. ओव्हल मैदानावरच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यासाठी. भारतात आलेले ते पहिले पोप. यजमान होते मुंबईचे आर्चबिशप आणि पहिले भारतीय कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस. पुढे वसईत मिस्सा मराठीतून होऊ लागली.

वसईच्या माझ्या एका मैत्रिणीच्या आजीला मी याबद्दल विचारलं. तिला वाटलेलं पहिलं आश्चर्य तिने अजून जपून ठेवलंय. ‘इतकी वर्षं फादर काय म्हणायचे, ते त्या दिवशी कळलं गं.’ मग थोडा वेळ थांबून म्हणाली, ‘पण जुन्या मिस्सेतली गाणी छान होती.’ आणि मला त्यातली एक लॅटिन ओळ म्हणून दाखवली. अर्थ तिलाही माहीत नव्हता, मलाही नाही. बदल मनापासून आवडलेल्या माणसालाही जुन्यातलं काहीतरी हवंहवंसं वाटतं. बॉस लोकांनी हे लक्षात ठेवावं.

ख्रिसमस पार्टीत झाडाझडती

क्युरियातलं राजकारण पुढे संपलं का? छे! १९६२ मध्ये कार्डिनल फ्रिंग्जसोबत सल्लागार म्हणून आलेला एक ३५ वर्षांचा जर्मन प्राध्यापक होता, जोसेफ रात्झिंगर. पुढच्याच वर्षी फ्रिंग्जनी भर सभेत ओत्ताविआनींच्या खात्याच्या कार्यपद्धतीवर कडक टीका केली. हा प्राध्यापक १९८१ मध्ये त्याच खात्याचा, बदललेल्या नावाच्या, प्रमुख झाला आणि २००५ मध्ये पोप बेनेडिक्ट. आज जो बंडखोरांच्या टेबलावर आहे तो उद्या काकांच्या खुर्चीत असू शकतो, तुम्ही-आम्ही धरून!

पोप फ्रान्सिस २०१३ मध्ये आले तेव्हा त्यांनी सल्ल्यासाठी आठ कार्डिनलांचं मंडळ केलं. त्यात मुंबईचे ओस्वाल्ड ग्रेशस होते. २२ डिसेंबर २०१४ ला, ख्रिसमसच्या शुभेच्छा द्यायला जमलेल्या क्युरियासमोर फ्रान्सिसनी तिचे पंधरा आजार वाचून दाखवले. आपल्याशिवाय चालणार नाही असं वाटणं, बॉसची पूजा करणं, सुतकी चेहरा करून फिरणं, गॉसिप... कल्पना करा, तुमच्या ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीत केक कापायच्या आधी एमडीने ही यादी वाचली तर?

हेडलाइन झकास झाली. पण नवी घटना यायला २०२२ उजाडलं. नऊ वर्षं मंडळाच्या बैठका, मसुदे, दुरुस्त्या. धर्मगुरू नसलेल्यांनाही खात्याचं प्रमुख होता येईल, असं त्यात आलं आणि जानेवारी २०२५ मध्ये सिमोना ब्रांबिल्ला या सिस्टर व्हॅटिकनच्या एका खात्याच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या. तीन महिन्यांनी, २१ एप्रिलला, फ्रान्सिस गेले. पंधरा आजारांचं भाषण सगळ्यांना आठवतं. पण त्या खुर्चीवर एक बाई बसली, ती नऊ वर्षांच्या कंटाळवाण्या बैठकांमुळे.

सोमवारी करून बघा

तुम्ही पोप नाही, मान्य. पण टीम लीडर असाल, नाही तर एखाद्या प्रोजेक्टच्या कोऑर्डिनेटर. तेवढं पुरे आहे.

• प्रश्नावली पाठवू नका, खुलं पत्र पाठवा. ‘काय बदलायला हवं?’ एवढंच विचारा. आणि उत्तर मागितलं असेल तर ते ड्रॉवरमध्ये टाकू नका.

• जुनं खातं मोडण्याआधी शेजारी नवं टेबल टाकून बघा.

• यादी हातात आली की ‘थोडा वेळ द्या’ म्हणायला शिका. लिएनारनी आवाज चढवला नाही, फक्त घाई थांबवली.

• मधूनमधून मीटिंगमधून बाहेर जा. खरंच जा.

• कोणाचाही माइक भर सभेत बंद करू नका. टाळ्या मिळतील, पण तो माणूस पुन्हा बोलणार नाही.

• आणि सगळ्यात महत्त्वाचं, नव्या योजनेचा मसुदा लिहायला बसाल तेव्हा दुसरी खुर्ची ओढा. त्यावर तुमचा खास मित्र नको.

बदल आणणाऱ्याची बदली होते, नोकरी बदलते, तो रिटायर होतो. मागे राहतात ते काकाच! म्हणून मसुद्यावर त्यांचंही अक्षर हवं. ते असेल तर तुम्ही गेल्यावर तो मसुदा तेच सांभाळतील, आणि कॅन्टीनमध्ये नव्या पोरांना सांगतील, ‘अरे, हे आम्हीच सुरू केलं होतं.’

सांगू द्या की! तुम्हाला बदल हवा होता ना?